रिकाम्या चौकटी

दुपारची एसटी सावरमाचीचा घाट चढत होती आणि ती केतकी धुमाळच्या उजव्या तळहाताखालून जात होती.

करंगळीच्या बाजूने ती शिरली. मुंगी चालावी तशी हलकी थरथर, एका चौकटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. वळणावर जरा रेंगाळली. मग मधल्या बोटाच्या मुळाशी आली आणि तिथे काहीतरी विचित्र झाले. थरथर पुढे सरकली नाही. ती एकदम रुंद झाली, पाच चौकटींत एकाच क्षणी उमटली, आणि पलीकडे अंगठ्याजवळ पुन्हा बारीक होऊन वर निघून गेली.

केतकीने हात उचलला, ओढणीला पुसला आणि पुन्हा ठेवला. आता काही नव्हते. डोंगर शांत होता.

"मुजावरसाहेब," ती म्हणाली, "एसटीनं आत्ता उडी मारली."

"ड्रायव्हर कोण, आपला रामदास ना? मग मारली असेल," कक्षप्रमुख इक्बाल मुजावर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "त्याच्या गाडीत मी एकदाच बसलोय. उतरल्यावर पहिल्यांदा मोबाइल चाचपला आणि मग बरगड्या."

"चेष्टा नाही. पाच चौकटी एकदम हलल्या. गाडी एका वेळी एकाच जागी असते."

मुजावरांनी भिंतीकडे पाहिले. भिंतभर पडद्यावर तालुक्याचा नकाशा होता. सगळे डोंगर हिरवे होते. "हिरवंगार आहे बाई. चहा घे."

केतकीने चहा घेतला नाही. तिचा हात समोरच्या खिळ्यांच्या पाटीवरून निघेना.

निवे गावातला हा दरड-निरीक्षण कक्ष म्हणजे जुन्या पंचायत समितीच्या मागची एक लांबट खोली. तालुक्यातल्या प्रत्येक धोक्याच्या उतारावर जमिनीत एक तार पुरलेली होती. तार म्हणजे केसाएवढ्या काचेचा धागा, वर जाड वेष्टण. तिच्या टोकातून प्रकाशाचा ठिपका सोडायचा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कण राहतातच, आणि प्रत्येक कण थोडासा प्रकाश मागे फेकतो. जमीन ताणली, दबली किंवा नुसती थरारली, तरी तिथला कण किंचित हलतो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. मग तारेचा प्रत्येक तुकडा हा एक कान होतो. तो गुरांची पावले ऐकतो, एसटी ऐकतो, आणि माती आतल्या आत सरकू लागली तर तेही ऐकतो.

हे सगळे आकडे एका तक्त्यात येत. एक डोंगर म्हणजे एक ओळ, तारेचा एक तुकडा म्हणजे एक चौकट. हा तक्ता चालवणारी प्रणाली अगदी जुन्या वळणाची होती. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरे, ना चित्र ना माउस, सगळे काम कळफलकावरून. तिचे नाव 'रकाना'. पावसाळ्यात घाटात रेडिओची एक बारीक वाट तेवढी चालू राहते, आणि तिच्यातून आकडेच जाऊ शकतात. भिंतीवरचा रंगीत नकाशा 'रकाना'तलेच आकडे घेऊन रंगत असे.

केतकी या नोकरीत आली तेव्हा तिची दृष्टी पूर्ण गेलेली होती. कॉलेजात असताना डोळ्यांच्या पडद्यांनी हळूहळू साथ सोडली होती. रंगीत नकाशा तिच्यासाठी मुका होता. काळा पडदा निदान वाचून दाखवता येई, पण कसा? "शून्य पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक चार. रिकामी. रिकामी." एका वेळी एक चौकट. बोळकांडीच्या फटीतून लग्नाचा मांडव बघण्यासारखे ते होते.

तेव्हा तिने 'रकाना' सांभाळणाऱ्या माणसाला पत्र लिहिले. हा माणूस म्हणजे चिंचवडचे गजानन पेठे. निवृत्त, एकटे, पुस्तकांत बुडालेले, इतके बुजरे की फोन वाजला तर आधी उठून दुसऱ्या खोलीत जाणारे. पगार नाही, मानधन नाही, जगभरच्या काही हट्टी लोकांसाठी ते ही प्रणाली जिवंत ठेवून होते. केतकीचे पत्र वाचून त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षे आपण ओळी-रकाने सजवत बसलो आणि ते ज्याला दिसत नाहीत असा माणूस मनातसुद्धा आणला नाही! त्यांनी कामाला सुरुवात केली. आकड्याआधी डोंगराचे नाव बोलले जाऊ लागले. जे बदलले तेवढेच सांगणारी कळ आली. एका बोटाने ओळीच्या टोकाला जाता येऊ लागले.

आणि मग पाटी आली. पाटीचा शोध पेठ्यांचा नव्हे; एका प्रयोगशाळेने ती बनवली होती, पेठ्यांनी ती 'रकाना'ला जोडली. पाटीवर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो खिळे असतात. तक्त्यातला आकडा वाढला की त्या चौकटीचे खिळे वर येतात, हलला की थरथरतात. पहिले काही आठवडे तळहाताला नुसत्या गुदगुल्या होतात. पण माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात, जिथे एरवी डोळ्यांकडून आलेले वाचले जाते, ती जागा अंध माणसात रिकामटेकडी बसून राहत नाही. ती दुसरे काम शोधते. हळूहळू हाताखालचे खिळे जाणवेनासे झाले आणि केतकीला समोर, हातभर अंतरावर, डोंगर जाणवू लागले. सगळे एकदम. भिंतीवरचा नकाशा लाल व्हायच्या आधी ती "कोंडपला पाणी मुरतंय" म्हणायची आणि ते खरे निघायचे.

एकच त्रास होता. तारेत ओल शिरली, बॅटरी उतरली, की ती चौकट रिकामी यायची, आणि रिकाम्या चौकटीचे खिळे पार खाली जायचे. भोक पडायचे. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा तिचा हात पुन्हा पुन्हा तिथे जायचा. मनगट ठणकायचे. या पावसाळ्याच्या तोंडावर तिनेच पेठ्यांना म्हटले होते, "काका, या भोकांचं काहीतरी करा हो. हात बसतच नाही."

पेठ्यांनी केले. नवी आवृत्ती बसवली त्या दिवशी केतकीचा हात पहिल्यांदा पाटीवरून अडखळल्याशिवाय फिरला होता. ती हसली होती.

ते आठवले आणि केतकीने पाटीवरचा हात काढला. बरेच दिवस बंद ठेवलेला 'रकाना'चा आवाज तिने सुरू केला, आणि कळा दाबत सावरमाचीच्या ओळीत गेली.

"सावरमाची," कोरडा आवाज म्हणाला. "शून्य पूर्णांक चार. शून्य पूर्णांक चार. रिकामी. रिकामी. रिकामी. रिकामी. रिकामी. शून्य पूर्णांक पाच."

मुजावरांचे बिस्किट कपात पडले.

"हे काय? नकाशावर तर..."

"नकाशा तुमचा आहे, पाटी माझी आहे," केतकी म्हणाली. "हा काळा पडदा कोण बघतं?"

कोणी बघत नव्हते. तो तिच्या टेबलावर होता, आणि तिला तो दिसत नव्हता.

तिने पेठ्यांना फोन लावला.

"काका, केतकी बोलतेय. रिकाम्या चौकटींत तुम्ही काय भरलंय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी... शेजारच्या दोन्ही बाजूंची सरासरी. फक्त पाटीवर. पडद्यावर त्या रिकाम्याच आहेत. तूच म्हणाली होतीस की..." ते थांबले आणि घाईघाईने म्हणाले, "नाही, तू म्हणालीस म्हणून नव्हे. माझंच चुकलं असणार. मदतीच्या पानावर लिहिलं होतं मी, पण ते पान कोण वाचतं? काय झालं?"

तिने सांगितले. कळफलक खडखडला.

"सकाळपासून गेल्यात," पेठे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पाचही एकदम."

"उंदरानं कुरतडली असेल," मुजावर फोनजवळ तोंड आणून म्हणाले. "नाहीतर साळिंदर. मागं तोंडल्याला तसंच झालं होतं."

"हो, हो, तसंच असेल," पेठे लगेच म्हणाले. मग कळफलक पुन्हा खडखडला. "पण थांबा. मला जरा मोठ्यानं विचार करू द्या, चुकलो तर टोका. तार आपण दोन्ही टोकांनी वाचतो. एका जागी तुटली तर डावा प्रकाश तुटलेल्या जागेपर्यंत येईल, उजवाही तिथपर्यंत येईल. मग रिकामी फार तर एक चौकट राहील. पाच राहायच्या असतील तर तार दोन ठिकाणी तुटायला हवी. आणि मधला तुकडा..."

"मधला तुकडा खाली सरकलाय," केतकी म्हणाली.

"असं मी म्हटलेलं नाही! असं असू शकेल. दोन उंदीरही असू शकतील. मी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, केतकी."

त्या पाच चौकटींच्या बरोबर खाली सावरमाचीची वरची आळी होती. वरच्या आळीत तिसरे घर केतकीच्या आईचे.

ती उठून उभी राहिली. "साहेब, वाडीतला भोंगा वाजवा."

मुजावरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यांचा चेष्टेचा सूर गेला होता. "केतकी, आकडा दे. आकडा वर गेला की भोंगा आपोआप वाजतो, मला विचारतसुद्धा नाही. आकडा कुठाय?"

"आकडा नाहीये, हेच तर सांगतेय मी."

"आकडा नाही म्हणजे शून्य. शून्य म्हणजे..." ते भिंतीकडे बोट करत होते. बोट हवेत तसेच राहिले.

"काका," केतकीने विचारले, "रिकाम्या चौकटीला 'रकाना' शून्य धरतो?"

"सगळ्याच अशा प्रणाली धरतात," पेठे पुटपुटले. "पहिल्यापासून. बेरजेला सोपं जातं."

म्हणजे जिथे काहीच ऐकू येत नव्हते, तिथे नकाशा सगळे ठीक आहे म्हणून हिरवा झाला होता. आणि जिथे हाताला भोक लागायला हवे होते, तिथे पाटीने मऊ रस्ता करून दिला होता.

"गेल्या वर्षी तू म्हणालीस म्हणून मी आख्खी वाडी उठवली," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "तुझा हात खोटा नव्हता, पाणी मुरलंच होतं. पण डोंगर काही हलला नाही. शिवराम कोंढरे पावसात पायऱ्यांवरून पडले, खुबा मोडला. मी बघायला गेलो होतो. म्हातारा मला म्हणाला, साहेब, तुमच्यापेक्षा डोंगर बरा. अजून अंथरुणात आहे तो. उद्या पुन्हा काही झालं नाही तर तुझी पाटी काढून घेतील, समितीत दोघं टपलेच आहेत. आणि वाडीतलं कुणी पुन्हा कधी भोंगा ऐकून उठणार नाही. तेव्हा काय करायचं?"

"भूवैज्ञानिक बाई येऊन बघतील?" केतकीने विचारले.

"पलीकडच्या खोऱ्यात. सकाळपर्यंत येत नाहीत. धुकं इतकं आहे की ड्रोन उडत नाही."

खोलीत पंखा घरघरत होता. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता, जोर नाही, उसंत नाही. केतकीच्या बोटांना काही सुचेना. ती पाटीवर गेली, कळफलकावर आली, पुन्हा पाटीवर गेली. मऊ. अजूनही मऊ. तिला त्या मऊपणाचा संताप आला.

फोनमधून पेठे खाकरले.

"केतकी, मी एक सुचवू का? योग्य आहे की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाहीच. मला इथून तक्त्यात लिहिता येतं. त्या पाचपैकी एका चौकटीत मी मोठा आकडा टाकतो. भोंगा वाजेल. नंतर विचारलं तर... प्रणालीतली चूक होती, माझी होती, असं सांगू. माझं काय जाणार आहे?"

मुजावरांनी तोंड फिरवले. त्यांनी ऐकले नाही असे दाखवायला खिडकी लावायला घेतली.

केतकीला एक क्षण हो म्हणावेसे वाटले. आई, तिची शेळी, शेजारची दोन बाळंतिणींची घरे, सगळी एका आकड्यावर उतरली असती. तिने ओठ उघडलेही.

"नको, काका," ती म्हणाली. "तुम्ही एकदा भरलंत. मला बरं वाटावं म्हणून भरलंत, आणि मला बरं वाटलं. पुन्हा काही भरायचं नाही. तिथं रिकामं आहे तर रिकामंच सांगायचं."

"कोणाला सांगायचं?"

"वाडीला. साहेब, भोंगा नाही तर नाही. कर्णा द्या. देवळावरचा कर्णा इथून चालतो ना? मी बोलते."

मुजावर खिडकीशी उभे होते. "काय बोलशील?"

"मला कळत नाही, हे."

"सरकारी कर्ण्यावरून सरकारला कळत नाही असं सांगायचं?" मुजावर हसले, पण ते हसू टिकले नाही. ते परत आले आणि त्यांनी टेबलावरचा माइक तिच्या पुढ्यात सरकवला. "नाव तुझं, सही माझी. नोकरी गेली तर उद्या दोघं मिळून भजी तळू. मला कांदा चिरता येतो." मग त्यांनी दुसरा फोन उचलला. "डेपो? सावरमाचीला गेलेली गाडी तिथंच थांबवा. रिकामी खाली आणायची नाही. रामदासला सांगा, मी सांगितलं म्हणून."

केतकीने माइकवर हात ठेवला. तो गार होता.

"सावरमाचीकर, मी केतकी धुमाळ. वरच्या आळीतली, मंदाबाईंची. आपल्या डोंगराच्या तारेचा एक भाग सकाळपासून बोलत नाहीये. का बोलत नाही ते मला माहीत नाही. डोंगर सरकतोय असं मी म्हणत नाही. सरकत नाहीये असंही म्हणत नाही. मला कळत नाही. आणि जोपर्यंत कळत नाही तोपर्यंत वरच्या आळीत कुणी राहू नये असं मला वाटतं. एसटी थांबलेली आहे. उजेड आहे तोवर खालच्या शाळेत चला. म्हाताऱ्या माणसांना हात द्या, पायऱ्या घसरड्या आहेत."

कर्णा बंद झाला. काही वेळात तिचा फोन वाजला.

"केते," मंदाबाईंचा आवाज नेहमीसारखाच चढा होता, "कळत न्हाई हे सांगाया कर्णा लागतो व्हय गं? मला बी काई कळत न्हाई, मी कुटं बोंबलत फिरते?"

"आई, निघालीस का?"

"गेल्या साली आख्ख्या वाडीनं मला टोमणे दिले. मंदे, तुझ्या पोरीनं आमाला शाळंत झोपवलं, मंदे, तुझ्या पोरीनं शिवरामदाजीचं हाड मोडलं. हौदावर बाया माज्याकडं पाठ करून धुणं धुत्यात. आता पुन्यांदा मी पयली एसटीत चढू?"

"चढ. पहिली चढ."

"का चढू ते तरी सांग."

केतकी म्हणाली, "सांगता येत नाही, आई."

फोनमध्ये पाऊस ऐकू येत होता, मागे शेळी ओरडत होती, कोणीतरी बाई "निगायचं का न्हाई?" असे विचारत होती.

"गेल्या साली तू म्हनलीस, मला कळतंय," मंदाबाई सावकाश म्हणाल्या. "तवा मी तुझ्यावर रागावले. लईच शानी झाली म्हनलं. आवंदा म्हनतीस कळत न्हाई. तू ल्हानपणापासनं कधी असं म्हनली न्हाईस गं. डोळं गेलं तवा बी म्हनली न्हाईस." मग एकदम फोन तोंडापासून लांब करून त्या ओरडल्या, "ए सुभद्रे! शेळी सोड! ही खरंच घाबरलीय!"

अंधार पडायच्या आत एसटी दोन फेऱ्या करून आली. शिवराम कोंढऱ्यांना खाटेसकट उतरवावे लागले. खाली येईपर्यंत ते शिव्या देत होते आणि त्यांचा प्रत्येक शब्द रामदासने केतकीला फोनवर पोचवला.

रात्र गेली. डोंगर पडला नाही. दुसरा दिवसही गेला. शाळेत लोक चिडू लागले. दुधाच्या बुथवर कोणीतरी म्हणाले, तिला कळत नाही म्हणे, मग पगार कशाचा घेते?

धुके उठले तेव्हा ड्रोन वर गेला आणि त्याच्यामागून भूवैज्ञानिक बाई चालत गेल्या. वरच्या आळीच्या मागे, झाडीत, जमीन कोयत्याच्या आकारात फाटली होती. भेग इतकी रुंद की तिच्यात शेळी पडावी. कोयत्याच्या दोन्ही टोकांशी तार तुटलेली होती. मधला आख्खा तुकडा, झाडांसकट, पुरुषभर खाली येऊन थांबला होता. कशावर थांबला होता ते बाईंना सांगता येईना.

"पडेल का?" मुजावरांनी विचारले.

"पडेल. आज की दहा वर्षांनी, ते विचारू नका."

वरची आळी राहण्यास अयोग्य ठरली. पत्र्याच्या खोल्या मंजूर झाल्या. केतकीची पाटी कोणी काढून घेतली नाही, तिच्या पाठीवर थाप मात्र कोणी मारली नाही. वरच्या आळीतल्या सुभद्रेचा नवरा कक्षात येऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पडला असता तर रडून मोकळं झालो असतो. आता तिकडं डोंगर उभा, घर उभं, चूल उभी, आन आमी हितं. रोज दिसतंय." तो केतकीवर रागावलेला नव्हता, हे तिला अधिक जड गेले.

पुढच्या आठवड्यात पेठे निव्याला आले. ते आणि केतकी प्रथमच समोरासमोर भेटत होते. ते दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मुजावरांनी "पेठेकाका आलेत, आणि घामाघूम झालेत" असे सांगेपर्यंत केतकीला ते आल्याचे कळले नाही.

"मी तुला परत भोकं देऊ शकतो," पेठे म्हणाले. "पण मनगट दुखेल. मग तू हात कमी ठेवशील. ते बरोबर नाही. आणि मऊ केलं की काय होतं ते आपण पाहिलं. म्हणून मी... हे पटलं नाही तर सांग, काढून टाकतो. पाटीला खालून गार करणारी जाळी बसवून आणलीय. चौकट रिकामी असली की खिळे शेजारच्यांच्या पातळीवर राहतील, हात अडणार नाही. पण ती जागा गार लागेल."

केतकीने हात ठेवला. फिरवला. सावरमाचीवर आला तेव्हा थांबला.

"दुखतं का?" त्यांनी विचारले.

"दुखत नाही. विसरता येत नाही."

"मग ठीक आहे का?"

"ठीक आहे, काका. हात चालायला पाहिजे, पण झोप लागता कामा नये."

पेठ्यांनी आणखी एक गोष्ट बदलली होती. 'रकाना'त आता रिकामी चौकट शून्य नव्हती. ओळीत एक जरी चौकट रिकामी असली तरी त्या डोंगरापुढे 'सुरक्षित' असे येत नसे. 'माहीत नाही' असे येई, आणि नकाशावर तो डोंगर राखाडी होई. नवी आवृत्ती चालू झाली आणि मुजावर भिंतीकडे बघतच राहिले. अर्धा तालुका राखाडी झाला होता. ही आवृत्ती शेजारच्या जिल्ह्यांनी घेतली. तिथल्या भिंतीही राखाडी झाल्या. एका ठिकाणाहून पेठ्यांना रागाचे पत्र आले की आमचे सगळे डोंगर कालपर्यंत व्यवस्थित होते, ते तुमच्यामुळे बिघडले. पेठ्यांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले, रात्रभर तळमळले, आणि सकाळी नम्र उत्तर लिहिले. आवृत्ती मात्र त्यांनी मागे घेतली नाही.

मंदाबाई केतकीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या आणि त्यांना दोन्ही खोल्या पुरेनात. सकाळी उठून त्या जिन्यात जाऊन बसत. शेजारणीच्या कुंडीतला कढीलिंब खुडत. भाजीवाल्याशी भांडत. शेळी सुभद्रेकडे दिली होती, तिची चौकशी रोज फोनवर करत. एका दुपारी केतकीचा डबा घेऊन त्या कक्षात आल्या आणि डबा ठेवून निघायचे सोडून तिथेच घुटमळत राहिल्या.

"बसा की, मंदाबाई," मुजावर म्हणाले. "चहा मागवतो. सरकारी आहे, साखर विचारू नका."

"बसून बसून तर मेले." त्या केतकीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्यावरच कळतं का तुला सगळं? मला दाव बरं."

केतकीने आईचा हात धरला. घट्टे पडलेला, कोरडा हात. तिने तो पाटीवर ठेवला. मंदाबाईंना डोंगर जाणवणार नव्हता, त्याला महिने लागतात. नुसते खिळे टोचणार होते.

"गुदगुल्या हुत्यात," मंदाबाई म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. "हितं गार हाय."

"ती वरची आळी," केतकी म्हणाली. "आपलं घर तिथं आहे."

मुजावर उठून बाहेर चहा सांगायला गेले. केतकीला आईचा चेहरा दिसत नव्हता आणि आईच्या हातावर ठेवलेला आपला हात काढावा की राहू द्यावा ते तिला ठरवता येईना. एरवी एका जागी न टिकणारा तो हात त्या गार जागेवर बराच वेळ राहिला.

मग तो निघाला आणि पाटीवर फिरू लागला, पीठ चाचपावे तसा, वर, खाली, कडेला. एका जागी थबकला.

"हे बी गार हाय."

"ते कोंडप."

"आन हे?"

"तोंडलं. धनगरवाडा."

"तितं कोन ऱ्हातं का?"

"राहतात. पंधरा-वीस घरं आहेत."

"त्यास्नी सांगितलंस का, तुला कळत न्हाई म्हनून?"

केतकीने तोंडल्यावर बोट ठेवले. तोंडल्याची चौकट सकाळपासून गार होती. एकच होती, बॅटरी असेल असे तिने धरले होते.

"न्हाई सांगितलंस," मंदाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसला आणि टेबलावरचा माइक, तो काय आहे हे कळून की न कळता, लेकीच्या पुढ्यात ढकलला. "मग सांग की. डबा गार झाला तर मी पुन्हा ऊन करून आनते."